पंधरा फुटी होडी आणि चाळीसचं इंजिन

मालवण
आषाढ वद्य पंचमी

चि. गौरव,

तू पाठवलेले फोटो पाहिले. इंजिनाचे आठ-दहा आणि होडीच्या मागच्या फळीचा एकच, तोही अंधारातला. तुझं लक्ष कुठे आहे ते त्यावरूनच कळलं. बेत असा दिसतो: देवगडला कुणाकडे तरी चाळीस एचपीचं टू-स्ट्रोक इंजिन स्वस्तात सुटतंय, ते उचलायचं, बाबांच्या पंधरा फुटी फायबरच्या होडीवर बसवायचं, आणि पावसाळा उलटला की पहाटे जाळी, दिवसा पर्यटक. होडी चांगली आहे. इंजिनही फोटोवरून वाईट वाटत नाही. पण ही दोन एकमेकांवर बसवू नकोस.

फोनवर एवढंच सांगितलं असतं तर ‘बरां मामा’ म्हणून तू फोन ठेवला असतास आणि रविवारी देवगडची एसटी पकडली असतीस. म्हणून कागद घेऊन बसलो. पाऊस लागून राहिलाय, होड्या झावळ्यांखाली शाकारून ठेवल्यात, वर्कशॉपात कुणी फिरकत नाही. लिहायला वेळ आहे.

तुझं मुख्य म्हणणं मी नीट ऐकलं. ‘मामा, मी ते पूर्ण उघडणारच नाही. अर्ध्यावर चालवीन. ताकद हाताशी असलेली बरी.’ हे वाक्य किनाऱ्यावरच्या प्रत्येक मेकॅनिकने ऐकलेलं असतं, आणि ते म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो. त्या क्षणी त्याच्या मनात तसंच असतं. म्हणून तुझ्या शहाणपणावर मी शंका घेत नाही. तू अर्ध्यावरच चालवशील असं धरूनच पुढे बोलू.

इंजिन बंद असतानाही जे काम करत असतं ते त्याचं वजन. बाबांचं ९.९ चं टू-स्ट्रोक इंजिन चाळीसेक किलोच्या आत आहे. चाळीस एचपीचं टू-स्ट्रोक सत्तरच्या पुढे जातं, फोर-स्ट्रोक घेतलंस तर शंभरच्या आसपास. ते एकटं येत नाही. त्याची तहान मोठी. पूर्ण उघडलं तर तासाला पंधरा-सोळा लिटर सहज पितं, म्हणजे टाकी मोठी, आणि टाकी ठेवायची जागा मागेच. सेल्फ स्टार्टचं असेल तर बॅटरी मागे. हॅण्डलने चालवायचं म्हटलं की चालवणारा तू, पासष्ट-सत्तर किलोचा, तोही मागच्याच कोपऱ्यात. पुढे नाळेत कोणी बसलेलं नसेल तर होडी धक्क्यावर बांधलेली असतानाच मागे बसलेली दिसेल. तुझ्या होडीच्या मागच्या फळीला मध्ये इंजिनासाठी खाच आहे. साऱ्या होडीत पाण्याला आत यायला सगळ्यात सखल जागा तीच. आज त्या खाचेपासून पाणी किती खाली असतं ते मोजलंस का? मोजलं नसशील. एकाही फोटोत ते दिसत नाही.

यावर इंजिनवाला तुला सांगेल की चालू झाल्यावर होडी उचलते, मग काठ पाण्यापासून वर येतो. अर्धं खरं आहे. ज्या होडीचा तळ मागे सपाट आणि सरळ आहे, बगलेला कोन आहे, ती वेग घेतला की पाण्यावर चढते आणि घसरत जाते. तुझी होडी तशी नाही. पात म्हणतात त्या जुन्या लाकडी होडीवरून साचा काढून ती घडवलेली आहे. तळ गोलसर, आणि पाठीकडे हळूहळू वर उचललेला. वल्ह्याला आणि शिडाला तो आकार फार गुणाचा होता, कारण पाणी मागून गुपचूप सुटून जायचं, होडीला ओढ लागायची नाही. पण अशी होडी पाणी बाजूला सारत चालते, पाण्यावर चढत नाही. तिचा वेग तिच्या लांबीने ठरवलेला असतो. पाण्यात बुडालेली लांबी फुटात घे, तिचं वर्गमूळ काढ, १.३४ ने गुण. नॉटमध्ये उत्तर येतं. तुझी पाण्यातली लांबी चौदा फूट धरली तर पाच नॉट, म्हणजे ताशी नऊ-सव्वानऊ किलोमीटर. तेवढ्यासाठी शांत पाण्यात चार-पाच एचपीही पुरतात. बाबांचं ९.९ म्हणजे वारा आणि ओढ धरून हातचं राखून केलेला हिशेब आहे.

त्याच्या वर जोर लावलास तर ताकद जाते कुठे? लाटेत. होडी स्वतःच पुढे एक लाट उभी करते आणि मागे एक. वेग वाढला की या दोन लाटांतलं अंतर वाढतं, मागची लाट होडीच्या पाठी सरकते, आणि होडी पुढच्या लाटेवर नाक वर करून, मागचा भाग खड्ड्यात घालून चालायला लागते. शिवाय तुझ्या तळाचा मागचा जो वर वळलेला भाग आहे, त्याच्याखालून पाणी वेगाने गेलं की ते तळाला खाली खेचतं. जितका जोर जास्त तितकी पाठ खोल. नाळ वर गेल्यावर पुढचं दिसत नाही. दांडी किनाऱ्यासमोर संध्याकाळी किती डोकी पाण्यात असतात ते तुला सांगायला नको.

आणि मग तू इंजिन कमी करतोस. सगळ्यात जास्त लिहायचं आहे ते या जागेबद्दल, कारण लोक वेगाला घाबरतात आणि थांबण्याकडे कुणाचं लक्ष नसतं. मूठ एकदम सोडलीस की होडी जागच्या जागी मंद होते. तिला जडपणा आहे, पण पाण्याची ओढही मोठी आहे. मागची लाट मात्र मंद होत नाही. ती ज्या वेगाने येत होती त्याच वेगाने येते आणि होडीला मागून गाठते. नाळ खाली बसते, पाठ क्षणभर लाटेच्या पोटात राहते, आणि त्या सखल खाचेतून पाणी आत. पहिल्या वेळेला दोन बादल्या. ते पाणी आत आल्यावर मागेच साचतं, कारण पाठच खाली आहे. मग पुढच्या लाटेला खाच आणखी जवळ. तिसऱ्या लाटेला माणूस पाणी उपसत नाही, उडी मारतो.

देवबागच्या संगमावर मी हे किनाऱ्यावरून पाहिलंय. कर्ली नदीचं ओहोटीचं पाणी बाहेर येत होतं, समुद्राची लाट आत येत होती, वाळूच्या पट्टीवर फेस उठत होता. एक नवी होडी आत येत होती, इंजिन होडीच्या मानाने बरंच मोठं. चालवणाऱ्याने समोर लाट फुटताना पाहिली आणि कुणीही केलं असतं तेच केलं: मूठ सोडली. त्याची स्वतःची लाट आणि समुद्राची लाट एकाच वेळी मागच्या फळीवर आली. दोन माणसं पाण्यात, होडी उभी, नाळ आकाशाकडे, कारण सगळं वजन पाठीला. रापणीची मंडळी जवळच होती म्हणून दोघं बाहेर निघाली. इंजिन अर्ध्यावरच होतं, गौरव. त्याने पूर्ण उघडलेलं मी पाहिलं नव्हतं.

माझा एक जुना तांडेल मित्र म्हणायचा, ‘इंजिन मोठां घेतलंस म्हणान होडी मोठी जाणा नाय.’ तो शाळेत फारसा गेला नव्हता. होडी मोजायला मात्र यायची त्याला.

मोजण्याचा विषय निघालाच आहे तर तुला एक परका हिशेब सांगतो. अमेरिकेत १९७१ साली होड्यांच्या सुरक्षिततेचा कायदा झाला आणि त्याखाली वीस फुटांच्या आतल्या बहुतेक होड्यांवर एक पट्टी लावणं बंधनकारक झालं. त्या पट्टीवर माणसं किती, वजन किती आणि बाहेरचं इंजिन जास्तीत जास्त किती एचपीचं हे छापलेलं असतं. आकडा काढायची रीत अशी: होडीची लांबी फुटात गुणिले मागच्या फळीची रुंदी फुटात. तुझ्या फोटोतून अंदाज केला, फळी पावणेचार फूट. पंधरा गुणिले पावणेचार, छप्पन्न. आता हॅण्डलने चालवायची असेल आणि तळ सपाट कोनदार नसेल तर छप्पन्नच्या ०.८ पटीतून २५ वजा करायचे. एकोणीस पूर्णांक आठ, पाचाच्या पटीत वर नेऊन वीस. तळ सपाट आणि बगल कोनदार असती तर निम्म्यातून १५ वजा, म्हणजे तेरा, वर नेऊन पंधरा. सगळ्यात उदार हिशेब चाक बसवलेल्या होडीचा, तोही मागची फळी किमान वीस इंच उंच असेल तर: दुप्पट करून ९० वजा. बावीस, वर नेऊन पंचवीस.

तू चाळीस म्हणतोस.

हे पंचवीस किंवा वीसही वरची मर्यादा आहेत. ‘एवढं लाव’ असा त्याचा अर्थ नाही, ‘याच्या पुढे जाऊ नकोस’ एवढाच आहे. शिवाय हे आकडे ज्या होड्यांसाठी आहेत त्यांच्या पोटात फोम भरलेला असतो, होडी पाण्याने भरली तरी आडवी तरंगत राहावी म्हणून, आणि किती फोम कुठे भरायचा हे ठरवताना इंजिनाचं वजन हिशेबात धरलेलं असतं. तुझ्या होडीत फोम आहे का, असला तर कोरडा आहे का, हे बाबांनाही आठवणार नाही. आपल्याकडे अशी पट्टी फायबरच्या होडीवर मला क्वचितच दिसली आहे. म्हणून होडी बांधणाऱ्याचा शब्द आणि आपली मोजपट्टी. अमेरिकन सूत्र आपल्या पातीवर तंतोतंत बसतं असं माझं म्हणणं नाही. पण ज्या सूत्राने घसरत जाणाऱ्या होड्यांनाही इतका आखडता हात घेतलाय, त्याच्याही पुढे आपल्या गोल तळाच्या होडीने जायचं कशाला?

आता मागची फळी. तुझ्या अंधारातल्या फोटोत मला दिसलं ते असं: डाव्या क्लॅम्पखाली एक केसासारखी चीर आहे, वरून जेलकोट लावून बुजवलेली. फायबरच्या होडीची फळी बाहेरून काचेच्या कापडाची दिसते, आत मात्र बहुधा प्लायवूड असतं. इंजिनाचे बोल्ट ज्या भोकांतून जातात ती भोकं नीट सील केली नसतील तर पाणी हळूहळू आत मुरतं आणि प्लायवूड कुजतं. बाहेरची चकाकी तशीच राहते. एक लाकडी मोगरी घे आणि फळीवर इंच-इंच ठोकत जा. टणक आवाज आला तर बरं, बद्द आला तर आत भुसा आहे.

पंखा पाणी मागे ढकलतो म्हणजे इंजिनाला पुढे ढकलतो, आणि हे ढकलणं फळीच्या वरच्या काठापासून दोन फूट खाली घडतं. त्यामुळे ब्रॅकेटचा खालचा भाग फळीत रुततो आणि वरचा क्लॅम्प फळीला मागे उपटू पाहतो. पहारीसारखा तिढा. ९.९ ची ओढ सोसत आलेली फळी चाळीसची ओढ सोसेलच असं नाही. पहिल्या दिवशी सोसेल, आणि रोज लाटेवर आपटत आपटत एके दिवशी सोसणार नाही. वाईट म्हणजे ती धक्क्यावर बांधलेली असताना तुटत नाही. ज्या वेळी तू सगळ्यात जास्त जोर लावलेला असतोस, त्या वेळी तुटते.

आणखी एक गोष्ट तुला इंजिनवाल्याने सांगितली नसेल. फोटोतलं इंजिन लांब शाफ्टचं आहे. आखूड शाफ्ट पंधरा इंच उंचीच्या फळीसाठी, लांब शाफ्ट वीस इंचांच्या. बाबांचं आखूड आहे, म्हणून ती खाच तेवढी खोल कापलेली. लांब शाफ्ट तिथे बसवलंस तर पंखा पाच इंच जास्त खोल जाणार. कर्लीच्या मुखाशी ओहोटीला किती पाणी असतं? आणि तो खोलपणा टाळायला खाचेत लाकडाचा ठोकळा मारून इंजिन उचललंस तर सत्तर किलोचा भार आणखी वर चढला. पंख्याच्या वरची आडवी प्लेट तळाच्या रेषेत हवी, हे तू पाठ करून ठेव. इतर सगळ्या उंच्या त्यावरून ठरतात.

आता तुझ्या हाताबद्दल. पंखा एका दिशेने फिरतो म्हणून हॅण्डल सतत एका बाजूला ओढ घेतं. ९.९ ला ती ओढ मनगटाला कळते आणि विसरली जाते. चाळीसला ती खांद्यात येते. लाटेवर होडी उसळली, तुझा पाय निसटला, तर मूठ घट्ट धरलेला माणूस कोलमडताना मूठही त्याच्याबरोबर फिरते, आणि पुष्कळदा नको त्या बाजूला. तू पाण्यात पडलास तर इंजिन थांबत नाही. सोडलेलं हॅण्डल ओढीने पूर्ण एका बाजूला वळतं आणि होडी गोल फिरू लागते. गोल फिरणारी होडी जिथून निघाली तिथे परत येते, आणि तिथे तू आहेस.

हे मी भीती घालायला रचलेलं नाही. मे २०१३ मध्ये इंग्लंडात, कॉर्नवॉलमधल्या पॅडस्टोजवळ, एक कुटुंब वेगवान होडीतून फिरत होतं. जोरात वळण घेताना सहाही जणं पाण्यात फेकली गेली. इंजिन थांबवणारी दोरी कुणाच्याच अंगाला लावलेली नव्हती. रिकामी होडी गोल फिरत त्यांच्या अंगावरून गेली. वडील आणि लहान मुलगी गेली, इतर काही जण गंभीर जखमी झाले. तिथल्या तपास यंत्रणेचा अहवाल सगळ्यांना वाचायला खुला आहे. अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून सव्वीस फुटांच्या आतल्या, वेगाने जाणाऱ्या होड्यांवर ती दोरी लावणं सक्तीचं झालं. आपल्याकडे ती लाल गुंडाळीची दोरी बहुतेक इंजिनांवर कुठे असते ते तुला माहीत आहे: क्लिप स्विचलाच कायमची बसवलेली, दोरी कापून टाकलेली, कारण जाळी ओढताना ती पायात येते. जाळी ओढताना इंजिन बंदच असतं. चालू असताना ती मनगटाला नाहीतर लाइफ जॅकेटला असायला पाहिजे. यावर मी तुझ्याशी वाद घालणार नाही; ही गोष्ट ९.९ लाही लागू आहे आणि तुझ्या बाबांनाही.

तू अर्ध्यावर चालवशील, असं मी वर मान्य केलं. तुझा चुलतभाऊ अर्ध्यावर चालवेल का? सुट्टीत पुण्याहून येणारी ती सगळी पोरं? आणि तू स्वतः, पाठीमागून वळीव येतोय आणि होडीत सहा माणसं ओरडतायत, तेव्हा? जी ताकद हाताशी असते ती घाईच्या वेळी वापरली जाते, आणि घाईच्या वेळीच होडी सगळ्यात कमी सोसते. शिवाय टू-स्ट्रोक इंजिनाला सतत मंद चालवणं मानवत नाही. प्लग काळे पडतात, कार्बन साचतो. मग तूच म्हणशील, ‘जरा साफ करायला एकदा पूर्ण उघडून घेतो.’ मी ते वाक्यही ऐकलेलं आहे.

वेगाच्या हिशेबातही फार काही हाती लागत नाही. पाण्यावर चढणाऱ्या चांगल्या होडीचा वेगसुद्धा ताकदीच्या वर्गमुळाने वाढतो: चौपट एचपीला फार तर दुप्पट वेग. आणि दुप्पट वेगाला आपटण्याची ताकद चौपट. तुझ्या होडीला तर दुप्पटही मिळणार नाही. इंधन मात्र चौपट जाईल, ते कुणी अडवणार नाही.

लोक असं का करतात, हे मला केरळात कळलं. तरुणपणी मी काही काळ तिकडच्या किनाऱ्यावर इंजिनांच्या कामाला होतो. १९८० च्या सुमाराला तिथल्या वल्लम नावाच्या लाकडी होड्यांवर बाहेरची इंजिनं यायला लागली, सात-आठ एचपीची, रॉकेलवर चालणारी. वल्ही मारून थकलेल्या माणसांना ती देवासारखी वाटली, आणि का वाटू नयेत? मिलवॉकीत ओले एव्हिनरूडने १९०९ साली विकायला काढलेलं इंजिन अवघं दीड एचपीचं होतं, वजन अठ्ठावीस किलो. वल्ह्यातून सुटका करून घ्यायला माणसाला दीड एचपीही पुरलेले आहेत. पण शेजाऱ्याने ९.९ घेतलं की दुसऱ्याला पंचवीस लागतं. आधी पोहोचेल त्याला मासा, आधी परतेल त्याला भाव. मग एकावर दोन, दोनावर तीन इंजिनं. मासा वाढला नाही, अंतर वाढलं, कर्ज वाढलं. पण तिकडे एक गोष्ट त्यांनी केली ती बघून ठेवण्यासारखी आहे: ज्यांनी मोठी इंजिनं लावली त्यांनी होड्याही तशा बांधून घेतल्या, लांब, रुंद पाठीच्या, इंजिनांना वेगळी चौकट असलेल्या. पातीवर तीन इंजिनं कुणी टांगली नाहीत. तुझ्या डोक्यात पर्यटक आहेत, त्यांना वेग आवडतो हे मला समजतं. तेवढाच धंदा करायचा असेल तर त्या कामाची होडी वेगळी, तिचा तळ वेगळा, तिची मेरीटाइम बोर्डाची नोंदणी आणि माणसांची मर्यादा वेगळी. त्यासाठी पैसे साठव. आत्ताच्या होडीचे कागद आत्ताच्या इंजिनाचे आहेत, हेही ध्यानात ठेव. कागदावर एक आणि फळीवर दुसरं असेल तर विमेवाला पहिलं तेच वाचतो.

मग काय करायचं? तुझी तक्रार खरी आहे, होडी मंद चालते. पण ती मंद का चालते हे आधी पाहू. गेल्या मे महिन्यात ती ओढून वर घेतली तेव्हा तळाला शेवाळ आणि शिंपल्यांचा किती थर होता, तो तुझ्या आईनेच मला सांगितला. तेवढा खरवडला तरी फरक पडेल. फळ्यांखाली पाणी मुरून फोम जड झाला असेल तर ते किती किलो, हे होडी वजन करूनच कळेल. बर्फाच्या कारखान्याजवळच्या काट्यावर टेम्पोसकट करता येईल. आणि पंखा. पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात, पहिला व्यास, दुसरा पीच, इंचांत. बाबांनी मागे कुणाचा तरी जुना पंखा लावला होता. पीच जास्त असेल तर इंजिन पुरते फेरे घेऊच शकत नाही, कण्हत राहतं, आणि आपल्याला वाटतं इंजिन लहान पडतंय. एक इंच पीच कमी केलं तर दीडशे-दोनशे फेरे वाढतात. माझ्याकडे टॅकोमीटर आहे. खाडीत दोन चकरा मारल्या की कळेल.

एवढं करूनही कमी वाटलं तर पंधरा एचपी बघ. बऱ्याच कंपन्यांत ९.९ आणि १५ ही टू-स्ट्रोक इंजिनं एकाच सांगाड्यावर बांधलेली असतात, वजन जवळजवळ तेच. फळीला भार तोच, खाच तीच, शाफ्ट आखूडच मिळेल. तुझ्या होडीचा वेग त्याने फार वाढणार नाही, पण चार माणसं आणि समोरून वारा असला तर दम राहील, जे तुला खरं हवं आहे.

आणि अजूनही चाळीसचा मोह सुटत नसेल तर विकत घ्यायच्या आधी एक खेळ करून बघ. भरतीच्या वेळी खाडीत, कमरेभर पाण्यात होडी धर. ९.९ फळीवर असू दे. दोन पोत्यांत वाळू भर, वीस-वीस किलो, ती फळीला टेकवून ठेव. मोठ्या टाकीच्या जागी पाण्याचा एक कॅन. तू हॅण्डलपाशी बस. आता चुलतभावाला सांग, बाहेरून मोजपट्टी लावून खाचेच्या काठापासून पाण्यापर्यंत किती इंच राहिले ते वाचायला. मग शेजारून कुणाची तरी होडी जाऊ दे आणि तिची लाट येऊ दे. तो आकडा मला कळव, इंजिनाची किंमत कळवू नकोस.

जे काही इंजिन शेवटी लागेल त्याची पहिली चाचणी गर्दीच्या पाण्यात नको. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबई बंदरात नौदलाची एक स्पीडबोट इंजिनाच्या चाचणीत ताबा सुटून ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली आणि पंधरा माणसं गेली. ती तर प्रशिक्षित माणसांच्या हातातली होडी होती. आपण आठवड्याच्या मधल्या वारी, सकाळी, खाडीच्या आत, एकही प्रवासी न घेता करू. मी येईन.

बाबांना हे पत्र वाचून दाखव किंवा दाखवू नकोस, तुझी मर्जी. त्यांना चाळीसचं कळलं तर ते काय म्हणतील ते मला माहीत आहे, आणि तुलाही, म्हणून तर तू मला फोन केलास रे झिला.

पाऊस उघडला की ये. येताना पंखा काढून आण, त्याची पिन आणि वॉशर डब्यात घालून, नाहीतर वाळूत हरवशील. मागच्या फळीचे उजेडातले फोटो काढ, आतून आणि बाहेरून, डाव्या क्लॅम्पखालचा जवळून. देवगडवाल्याला आधी पैसे देऊ नकोस.

तुझा,
भाईमामा